डावी पाकळी

सदानंद गुरवाच्या घराण्यात रवळनाथाला कौल लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बापाने त्याला एकच शिकवलेलं, "देवाच्या आणि माणसाच्या मधी आपला मन घालू नको." तेवढं साधावं म्हणून सदानंद रोज तासभर जपाला बसे.

गेल्या साली वादळात धनेशची होडी परतली नाही. आठव्या दिवशी त्याची आई रुक्मिणी देवळात आली.

"माझो झील जित्तो आसा काय रे, सदा?"

डावी पाकळी घरंगळली. म्हातारीची नजर अधू. तिची थरथरती हनुवटी बघून सदानंदच्या तोंडून निघून गेलं, "उजवो कौल पडलो, काकी."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आपण पुण्यच केलं, असं त्याला वाटलं.

पण घरात धनेशची बायको रसिका होती. मिठबावला माहेरी तिला अंगणवाडीत काम मिळत होतं. सासू आडवी आली. "देव सांगता तो येतलो म्हणान. तू खंय चललंस?" वर्ष असंच गेलं. एकदा विहिरीवर रसिकाने सदानंदला थांबवलं.

"काका, तुमी कौल नीट बघलास ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. पहिलं खोटं दयेचं होतं; हे निव्वळ स्वतःला वाचवण्यासाठी. त्यानंतर जप होईना. माळ फिरे, पण रसिकाचा चेहरा समोरून हलेना. देवाला फसवून त्याचंच नाव कसं घ्यायचं?

सोमवारी भर उन्हात तो रुक्मिणीच्या पडवीत जाऊन उभा राहिला.

"काकी, तेव्हा पाकळी डावी पडलेली. मी खोटा बोललंय."

रसिका खांबाला टेकून खाली बसली आणि वर्षभर अडवून धरलेलं रडू फुटलं. रुक्मिणीच्या डोळ्यात मात्र पाणी आलं नाही.

"आता देवाक काय विचारू?" ती म्हणाली. "उत्तर देवाचा की तुझा, माका कसा कळतला? जा तू."

मानकऱ्यांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. देवस्थानाचं नाव जाईल म्हणाले. त्याने ऐकलं नाही. देवळात सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि कौलाचं काम चुलतभावाकडे दिलं. पंधरवड्याने रसिका मिठबावला गेली.

सदानंद अजून जपाला बसतो. शांती लाभते असं नाही. रस्त्यात रुक्मिणी दिसली की ती तोंड फिरवते. तो आडवाट धरत नाही. ती पुढे जाईपर्यंत हात जोडून उभा राहतो.