ज्याचं बोट, त्याचा आकडा

"आधी माणसाकडे बघ, मग मशीनकडे." आमच्या जुन्या मेट्रन हे इतक्यांदा सांगायच्या, की आम्ही शिकाऊ नर्स मुली पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

त्या दिवशी भेटीच्या वेळेत अतिदक्षता विभागाच्या काचेला बाहेरून वीसेक नाकं चिकटली होती. आत चार नंबरच्या खाटेशी, नुसता हात ठेवून आजार बरा करतात अशी ख्याती असलेले हातवाले बाबा बसले होते. खाटेवर गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, तोंडावर मास्क, बोटाला चिमटा, मॉनिटरच्या पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशी.

"नळी घालून व्हेंटिलेटर लावायला हवा, वेळ घालवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फक्त बायकोची सही हवी होती. तिने पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात दीर बाबांना घेऊन आला होता.

"वहिनी, पाच मिनिटं थांबा. माझ्यासाठी."

बाबांनी मास्तरांच्या हातावर शाल पांघरली आणि आपले दोन्ही हात आत घातले. पडद्यावरचा आकडा गेला, क्षणभर नुसत्या रेघा. मग अठ्ठ्याण्णव!

"यंत्राला लबाडी येत नाही, माउली!" बाबा म्हणाले. "हा हात अकरा वर्षं मौनात होता!"

"हात कधीपासून बोलायला लागले?" आमच्या आयाबाई पुटपुटल्या. पण काचेबाहेर लोकांनी हात जोडले होते, आणि वहिनींनी पेन खाली ठेवलं होतं.

मी पुढे होणार, एवढ्यात दोन खाटा सोडून एका आजोबांचं हृदय थांबलं. डॉक्टर आणि मी तिकडे धावलो. छाती दाबता दाबता मी एकदा मान वळवून पाहिलं. अठ्ठ्याण्णव. खरं सांगते, हायसं वाटलं. जप झाल्याशिवाय मी पाण्याला शिवत नाही. वाटलं, ऐकलं असेल त्याने.

आजोबांचे ठोके परत आले. त्यात वीस मिनिटं गेली. मग मी चार नंबरशी गेले आणि मास्तरांकडे पाहिलं. ओठ जांभळे. श्वास मिनिटाला चाळीस. पडद्यावर छातीच्या तारांवरून आलेले ठोके एकशे बत्तीस, आणि बोटाच्या चिमट्यावरून आलेली नाडी बहात्तर.

"बाबा, एका माणसाच्या दोन नाड्या कशा हो?"

"लीला आहे, बाई."

मी शाल उचलली. चिमटा बाबांच्या बोटाला होता. मास्तरांचं बोट मोकळं. चिमटा परत मास्तरांना लावला. ऑक्सिजन एकाहत्तर.

"त्यांचा आजार मी अंगावर घेतला होता..." बाबा सुरू झाले.

"मग तुमचा आकडा का नाही पडला?" वहिनींनी विचारलं आणि सही केली. पेनाने कागद फाटला.

नळी घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गेले. ती वीस मिनिटं हाती असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही येत नाही. मी मास्तरांचं अंग पुसलं आणि बोटाचा चिमटा काढला. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

देव मानू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. मी स्वतः मानते. पण कुणी चमत्कार दाखवला, तर शाल उचलून बघा. शाल उचलल्याने खरा देव रागावत नाही.

दोन आठवड्यांनी दीर आला. दाढी वाढलेली.

"सिस्टर, बाबा आज आणखी एका घरी जाणार आहेत. पत्ता मीच दिला होता. वहिनीला शब्द दिलाय, की त्यांच्या आधी मी तिथे पोचेन."

मी पर्समधला माझा ऑक्सिजन मोजायचा छोटा चिमटा त्याच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. मग माझ्या. अठ्ठ्याण्णव.

"ज्याचं बोट, त्याचा आकडा. एवढंच दाखवा," मी म्हटलं. "आणि आधी पेशंटच्या ओठांकडे बघा."

त्याने चिमटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. लिफ्टची वाट न पाहता तो जिन्याने खाली उतरू लागला.