दुखणं कळावं म्हणून

मित्रांनो, मी एक जुना मराठी-जर्मन शब्दकोश आहे. माझी शिवण उसवली आहे, पण शब्द सगळे शाबूत आहेत.

रत्नागिरीत मी प्रथम आलो तो ऋत्विकच्या घरी. 'मला चार भाषा येतात' असं लोकांना सांगता यावं, एवढीच त्याची हौस. पहिल्या पानापासून पाठांतर सुरू झालं आणि आठवड्याभरात संपलं. पुढची सहा वर्षं मी कपाटात काढली. एके दिवशी त्याच्या आईने मला ओळखीच्या आफरीनच्या हवाली केलं.

आफरीन रत्नागिरीच्याच राजिवडा वस्तीतली, एका खासगी दवाखान्यात नर्स. तिला जर्मनीतल्या रुग्णालयात काम करायचं होतं. ती मला रोज उघडायची. रंग, पक्षी, भांडीकुंडी, जे सापडेल ते उतरवून काढायची. दोन वह्या भरल्या. मग ऑनलाइन मुलाखत झाली. पडद्यावरच्या जर्मन बाईंनी रुग्णाचं सोंग घेऊन आपलं दुखणं सांगितलं. आफरीनला पोपटाचा शब्द येत होता. दुखण्याचा एकही कळला नाही. ती नापास झाली. आता तीन महिन्यांनी शेवटची संधी होती.

त्या संध्याकाळी तिची नानी ताजबी तांदूळ निवडत बसली होती.

"अगो, तिथं जाऊन तू बोलणार कोणाशी?"

"पेशंटशी, नानी."

"मग पेशंट काय बोलतो ते आधी शीक. पोपट काय दवाखान्यात येतोय?"

आफरीन हसली. पेन घेऊन तिने माझ्या कोऱ्या पानावर लिहिलं : 'माणसाचं दुखणं त्याच्या भाषेत कळावं म्हणून.'

दुसऱ्या दिवसापासून नानी तिची रुग्ण झाली. "आज डोकं ठणकतंय," "आज बरगडीत चमक मारतेय," "पोटात मुरडा येतोय." एकेका दुखण्याचा जर्मन शब्द आफरीन माझ्यात शोधायची. माझ्यात नसेल तो जर्मनच्या क्लासातल्या शिक्षिकेला विचारून समासात लिहायची. माझी कमतरता भरून निघत होती, मला मोठा अभिमान वाटायचा.

दुसऱ्या मुलाखतीला मी तिच्या मांडीवर बंद होतो. बाई छातीवर हात ठेवून भराभर बोलल्या. दोन वाक्यं निसटली, तशी आफरीनची बोटं माझ्या पुठ्ठ्यावर घट्ट रुतली. पण तिने मला उघडलं नाही.

"जरा सावकाश सांगा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ठणकतंय की चमक मारतेय? कधीपासून? हाताकडे कळ जातेय का?"

बाई सोंग विसरून हसल्या. आफरीनची निवड झाली!

सामान भरताना तिचे मामू म्हणाले, "मोबाईलमध्ये सगळं असतं, हे ओझं कशाला?" तिने मला हातातल्या पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, परकी भाषा जरूर शिका. फक्त माझ्यासारख्याला उघडण्याआधी ठरवा, की कोणाशी आणि काय बोलायचं आहे. मग तुम्हाला हवा तो शब्द मी नक्की काढून देईन. आणि कृपा करून पानांचे कान दुमडू नका, खुणेला कागद ठेवा.