शिंपल्याचे डोळे

"तिला रोज पाणी घाल. आणि तिला सांगू नकोस."

नवऱ्याचं, उरलामाचं, हे शेवटचं बोलणं निनकलानं अकरा वर्षं पाळलं. त्यांची सात वर्षांची लेक निनी तापानं फणफणली तेव्हा त्यानं राजाच्या मूर्तीतून उरलेला दगडाचा तुकडा मागून आणला होता. छातीशी हात धरलेली वीतभर मुलगी घडवली, डांबरात शिंपल्याचे डोळे बसवले आणि देवीसमोर उभी केली. माणसाला झोप लागते, मूर्तीला नाही; ती लेकीसाठी आयुष्य मागत राहणार.

निनी आठव्या दिवशी गेली. मूर्ती मागतच राहिली. निनी गेल्याचं कळलं तर मूर्तीचे जोडलेले हात सुटतील, असं उरलामाला वाटे. त्याच हिवाळ्यात तोही गेला.

रोज पहाटे, तोंडात काही घालण्याआधी, निनकला मूर्तीपुढे पाणी ओती आणि हलक्या आवाजात निनीची खुशाली सांगे. निनी सूत कातायला शिकली. निनीचं लग्न ठरलं. देऊळ झाडणारा म्हातारा बाझी कुंचा टेकून विचारी, "दोन वर्षं झाली की लग्नाला. माझी खजुराची पोळी कधी?" ती म्हणे, जावयाला विचारते. निनीवर माती बाझीनंच लोटली होती.

यंदा देवळाची जमीन उंच करायचं ठरलं. ज्यांची माणसं हयात, त्या मूर्ती नव्या दालनात जाणार. बाकीच्या तिथंच जमिनीखाली निजवायच्या. पुजारी एकेकीपाशी थांबून विचारत आला.

"ही कोणाची? आहे का ती?"

"आहे की, बाबा," कोणी विचारलं नसताना बाझी बोलला. "सासरी असते."

पुजाऱ्यानं निनकलाकडे पाहिलं. एक 'हो' पुरला असता. पण देवी समोर होती, आणि ते शिंपल्याचे डोळेही. अकरा वर्षं ते मिटले नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली."

मग मूर्तीकडे वळून, अगदी हळू, "फसवलं गं तुला. पाय दुखले असतील. नीज आता."

हात सुटले नाहीत. खड्ड्यात ठेवताना तिनं आपल्या पदराची पट्टी फाडून त्या डोळ्यांवर बांधली. वर माती पडली.

दुसऱ्या पहाटे उठून ती बराच वेळ बसून राहिली. काल संध्याकाळी बाझी दारात येऊन सांगून गेला होता, ओल्या मातीत मातीची नळी उभी करून ठेवलीय, गेलेल्यांना पाणी घालायची असते तसली.

एक शब्द मोडला होता. दुसरा होता अजून. तिनं घागर भरली, कमरेवर घेतली आणि उपाशीपोटी देवळाच्या वाटेला लागली.