उतरता खांदा

आमच्या दुकानात कापणं यांचं आणि शिवणं माझं. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी. आता यांचं डोकं साथ देत नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला सवयीचं काम देत जा, म्हणून मी कात्री हातात देते. जुन्या चादरी कापत बसतात बिचारे.

कापतात तोवर ठीक. मध्येच मान वर करून विचारतात, "पोरगी शाळेतून आली का गं?" लेक तापात गेली त्याला किती वर्षं लोटली. माझी जीभ मेली तिखट. "अहो, गेली ती, किती वेळा सांगू?" असं फाडकन बोलून जाते. मग हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ढसाढसा रडतात, आणि मी मशीन आणखी जोरात चालवते. खोटं कशाला बोलायचं, असा माझा हेका.

काल मी दोरे आणायला गेले. परत आले तर शिक्षिकाबाईंनी ब्लाउजसाठी दिलेलं निळं कापड टेबलावर कापून पडलेलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाईंना आता काय तोंड दाखवू? तुकडे ओढून घेतले, बोलायला तोंड उघडलं आणि नजर तुकड्यांवर गेली. ब्लाउज नव्हता तो. लहान मुलीचा फ्रॉक होता. डावा खांदा किंचित उतरता.

आमच्या लेकीचा खांदा तसाच होता. मी साफ विसरले होते. मी, तिची आई.

"शिवतेस ना? येईल एवढ्यात," हे म्हणाले.

मी मशीनवर बसले, खांदे जोडले आणि शिवायला घेतलं. हे स्टूल ओढून शेजारी बसले. बाही लावताना यांचा हात कापडावर आला.

"ती नाही ना गं आता?"

"नाही हो," मी म्हणाले आणि या वेळी मशीन थांबवलं. हे रडले, मीही रडले. ती गेल्यापासून आम्ही दोघं असे एकत्र कधी रडलोच नव्हतो. बाईंचं कापड, राहिलेली कामं, सगळं गेलं खड्ड्यात.

थोड्या वेळानं यांनी डोळे पुसले, फ्रॉक उचलून न्याहाळला. चेहरा पुन्हा कोरा, शांत.

"बटणं पुढे लाव हं. मागे तिचा हात पोचत नाही."

मी सुईत दोरा ओवला आणि पुढेच लावली.