बुधवारचा खिमा

"हा डबा मशरूमच्या सुपाचाच आहे ना? बघ जरा," म्हणत आर्डिसनं डबा व्हर्नाच्या नाकासमोर धरला.

"पीच आहेत त्यात. पाकातले."

"मेलं," म्हणून आर्डिसनं डबा ठेवून दिला आणि चाचपडत दुसरा काढला.

व्हर्ना समोरच्या घरातली. दोघींची हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली होती आणि गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली होती. आता आर्डिसच्या डोळ्यांना मधलंच दिसेनासं झालं होतं. कडेकडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. म्हणून गाईचा खिमा ती कानांनी परतत होती. पाणी सुटलं की तो रटरटतो, पाणी आटलं की आवाज कोरडा होतो, आणि मग कांदा घालायचा. त्यासाठी डोळे लागत नव्हते.

"एवढं कुणासाठी चाललंय?" व्हर्नानं विचारलं.

"क्रेगकडे नेणार आहे. आज बुधवार."

"बोलावलंय त्यांनी?"

"नाही."

व्हर्नानं कॉफीचा कप खाली ठेवला. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जाणं दोघींनाही जन्मात जमलं नव्हतं.

दर बुधवारी आर्डिसचा मुलगा क्रेग, सून कोरिना आणि नात एल्सी तिच्याकडे जेवायला यायची. खिम्यावर सूप, त्यावर बटाट्याचे छोटे गोळे ओळीनं मांडायचे आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं. याला सगळं गाव हॉटडिश म्हणतं, आणि यात काही मोठी पाककला नाही हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण नवरा गेल्यापासून आठवड्यातला तेवढाच एक दिवस आर्डिसला दिवसासारखा वाटायचा. मग पानगळीत कोरिनाचा फोन आला होता. "डोळ्यांचा त्रास होतोय, तर बुधवारी तुम्हीच आमच्याकडे या ना जेवायला." आर्डिस म्हणाली होती, "नको गं, कशाला उगाच." कोरिना "बरं" म्हणाली, आणि तेव्हापासून बुधवार बंद पडला.

"एकदाच विचारलं तिनं?" ही गोष्ट व्हर्नाच्या अजूनही पचनी पडत नव्हती.

"एकदाच."

"निदान तीनदा तरी विचारायचं माणसानं. पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं. तिसऱ्यांदा विचारल्यावरच ना आपण हो म्हणणार?"

"ती टेक्ससची. तिकडे नको म्हणजे नकोच असतं म्हणे."

"मग तिकडे माणसं जेवतात कशी?"

आर्डिसला हसू आलं, पण टिकलं नाही. "आणि क्रेग बापावर गेलाय," ती म्हणाली. "मिठाची गुळणी धरून बसला असेल. मी रुसलेय असं ती समजतेय, तिला मी नकोशी झालेय असं मी समजतेय, आणि मधल्या मधे पोर मोठी होतेय. मला नाही हे चालायचं."

ती बटाट्याचे गोळे मांडायला लागली. पूर्वी तिच्या ओळी फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ असायच्या. आज ती बोटांनी कड शोधत होती, एक गोळा ठेवत होती, मग त्याच्या शेजारची जागा चाचपत होती. व्हर्नानं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

भांडं ओव्हनमधून निघालं, तेव्हा व्हर्ना कोट चढवून तयार होती. "चल, गाडीनं सोडते."

"नको."

"काही त्रास नाही गं मला."

"नको, व्हर्ना."

"एवढ्या बर्फात चालत जाणार? चल म्हणते ना."

"अगं, हे खरंच नको आहे," आर्डिस म्हणाली. "कुणी आणून सोडलेली म्हातारी म्हणून मला त्या दारात उभं राहायचं नाही."

खरोखरीच्या नकाराचं काय करायचं हे व्हर्नाला माहीत नव्हतं. ती कोट घालूनच खिडकीशी उभी राहिली.

एल्सीची लाल घसरगाडी गेल्या हिवाळ्यापासून ओसरीत पडून होती. आर्डिसनं भांडं टॉवेलांत गुंडाळलं, खोक्यात बसवलं आणि घसरगाडीला घट्ट बांधलं. मग दोरी मनगटाला गुंडाळून ती निघाली. रस्ता नीट दिसत नव्हता, पण दोन्ही बाजूंना सारलेल्या बर्फाचे ढीग दिसत होते, आणि त्यांच्या मधून चालायला तेवढं पुरेसं होतं. चर्चपाशी पाय सटकला आणि ती गुडघ्यावर बसली. आधी तिनं खोक्याला हात लावला. भांडं अजून गरम होतं. गुडघ्याचं काय झालं ते उद्या बघू, असं ठरवून ती उठली.

दार एल्सीनं उघडलं. "आजी! माझी गाडी!"

मागून कोरिना हात पुसत आली, आणि तिच्यामागे क्रेग. खोकं, टॉवेल आणि सासूच्या गुडघ्यावरचा बर्फ बघून कोरिनानं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत या, आर्डिस. बसा ना आमच्याबरोबर जेवायला."

आर्डिसचं उत्तर जिभेवर तयारच होतं. नको, नुसतं द्यायला आले होते, निघते. आयुष्यभर ते आपोआप बाहेर पडत आलं होतं. क्रेगनं नजर जमिनीकडे वळवली. त्यालाही तेच उत्तर अपेक्षित होतं. आर्डिसला एकदम भीती वाटली. ही बाई पुन्हा विचारणार नाही.

"हो," ती म्हणाली. "बसते."

क्रेगनं झटकन मान वर केली.

"मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाहीये," कोरिना म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले होते. पण परत विचारायचं असतं."

"किती वेळा विचारायचं असतं तुमच्यात?"

"तीनदा," क्रेग हळूच म्हणाला.

कोरिना सावकाश नवऱ्याकडे वळली. "आणि हे तू मला आज सांगतोयस? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर?"

"तू विचारलं नाहीस," क्रेग म्हणाला, आणि कोरिनानं हातातला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला.

टेबलावर भांडं उघडलं. एल्सी वाकून बघत म्हणाली, "आजी, तुझ्या ओळी वाकड्या झाल्यात."

"एल्सी," क्रेगनं दटावलं.

"वाकड्याच आहेत, बोलू दे तिला," आर्डिस म्हणाली. "मला आता मधलं दिसत नाही. अजिबात नाही." इतक्या स्पष्टपणे तिनं हे डॉक्टरांपुढेही कबूल केलं नव्हतं. म्हटल्यावर छाती हलकी झाली, आणि वाईटही वाटलं.

कोरिनानं तिच्या ताटात वाढलं. "पुढच्या बुधवारी इथंच करू या. तुम्ही सांगा, मी करते. गोळे एल्सी मांडेल. चालेल?"

पुन्हा ते नको घशाशी आलं. या वेळी ते गिळायला जास्त जड गेलं, कारण हे जेवणाचं बोलावणं नव्हतं. तिच्या हातातला डाव मागितला जात होता. क्रेग आईकडे बघत होता.

"चालेल," आर्डिस म्हणाली. "पण खिमा मी परतणार. त्याला कान लागतात."

निघताना कोरिनानं भांडं धुऊन, पुसून पुढे केलं. त्याच्या बुडाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर आर्डिसच्या जुन्या, सरळ अक्षरात 'लुंडीन' हे घरचं आडनाव लिहिलेलं होतं. ते भांडं गावातल्या कितीतरी घरी जाऊन प्रत्येक वेळी परत आलं होतं. आर्डिसनं चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि भांडं कोरिनाच्या हातात परत दिलं.

"राहू दे इथंच."

"चल आई, सोडतो तुला," क्रेग म्हणाला. ती लगेच बरं म्हणाली. दोघं चालतच निघाली. तिनं त्याचा कोपर धरला होता आणि त्यानं घसरगाडीची दोरी. एल्सीनं पुढच्या बुधवारपर्यंत उसनी दिलेली गाडी रिकामं खोकं घेऊन बर्फावरून मागे मागे येत होती, आणि आर्डिस सवयीनं अधूनमधून थांबून, वाकून खोकं चाचपून बघत होती.