गच्चीवरच्या गेरूच्या रेघा

२०१६ सालची गोष्ट. श्यामच्या बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि अमरावतीतल्या आमच्या घराची गच्ची हाच माझा आधार होता. फाल्गुन लागला की मी गहू भिजत घालायची, चीक काढायची आणि सकाळी सातला कुरडया घालायला बसायची. दहाच्या आत ऊन लागलं नाही तर कुरडई आंबते. त्या दोन महिन्यांत कुरडया विकून माझं वर्ष निघायचं. श्याम अकोल्याला नोकरीला होता, रविवारपुरता यायचा.

पूर्वेला नियामतभाईंचं घर. गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझ्या लेकीच्या, साधनाच्या लग्नात त्यांच्या बायकोने, जुलेखाबींनी आमच्याकडे चार दिवस पोळ्या लाटल्या होत्या. पण त्या वर्षी त्यांच्या गच्चीवर विटा चढल्या आणि माझी नजर बदलली. वर खोली झाली की माझं सकाळचं ऊन गेलं, एवढंच मला दिसत होतं.

एक दिवस त्यांच्या कठड्याला उंच बांबू बांधलेला दिसला. टोकाला काळी चिंधी. सोमवारी मी बाजारातून आले, तर माझ्या गच्चीवर गेरूच्या तीन रेघा ओढलेल्या आणि प्रत्येक रेघेशी उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मी जुलेखाबींना विचारलं नाही. त्यांनी पाठवलेली शेवयांची वाटीही झाकून तशीच ठेवली. दीर महादेवराव आले, रेघा पाहून म्हणाले, आज रेघा मारल्या, उद्या जागाच आपली म्हणून सांगतील. मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या बांधकामाविरुद्ध पालिकेत तक्रार दिली.

पंधरा दिवसांनी पालिकेचा माणूस टेप घेऊन आला. मधल्या रविवारी श्याम आला नव्हता आणि रेघांचं मी त्याला सांगितलं नव्हतं, फक्त रजा काढायला लावली होती. नियामतभाईंचा नकाशा मंजूर होता, सगळं मापात होतं. मग त्या माणसाने माझी बाजू मोजली. अंगणातल्या चुलीवरचा माझा पत्रा त्यांच्या हद्दीत दीड फूट गेलेला निघाला. तो काढावा लागला असता तर चीक शिजवायलाच जागा उरली नसती. त्याने नियामतभाईंना विचारलं, यांच्याविरुद्ध लिहून देता का?

मी पदर तोंडाशी धरला. तक्रार माझीच होती, आता ते सोडतील कशाला?

"नाही," नियामतभाई म्हणाले. "आमच्या पैगंबरसायबाईनं सांगून ठेवलं हाय, कोनाचं नुकसान करू नका, अन् नुकसानाच्या बदल्यात नुकसान करू नका. वहिनीचा पत्रा राहू द्या."

तेवढ्यात वर गेलेला श्याम रेघा पाहून ओशाळून खाली आला. "आई, चाचांनी मले फोन केला होता. बांबू खोलीच्या उंचीचा हाय, त्याची सावली आठ, नऊ, दहाले कुठवर येते ते आपल्या गच्चीवर रेघा मारून पाहाचं होतं. मी हो म्हनलं अन् तुले सांगाचं विसरलो."

रेघांशी लिहिलेली ती अक्षरं नव्हती, वेळेचे आकडे होते. नियामतभाई माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भिंत चार फूट मागं घेतो वहिनी. नऊले ऊन मिळन तुमाले. पन मले इचारलं असतं तर चाय पाजून सांगितलं असतं."

मी शेवयांची वाटी धुतली, त्यात कुरडया भरल्या आणि घेऊन गेले. माफी म्हणून वाटीच पुढे केली. जुलेखाबींनी वाटी घेतली, पाट पुढे सरकवला आणि बस म्हणाल्या.

खोली अरुंद झाली. तिच्यात त्यांचा तौसीफ आणि सून राहतात. पलंग आडवा लावावा लागला, असं सून हसत सांगते. नियामतभाई चार वर्षांनी गेले. जुलेखाबींना आता कमी दिसतं, त्या मोकळ्या चार फुटांत कुंड्यांमधला पुदिना त्या हातानेच चाचपून खुडतात. महादेवराव परतवाड्याला मुलाकडे असतात. श्यामने अकोल्यातच घर घेतलं. तो मला ये म्हणतो. मी अजून गेले नाही. पत्रा मी त्याच वैशाखात दीड फूट कापून घेतला. चूल आत सरकवली, जागा पुरली.