दाजींचे गुडघे

लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करणाऱ्याला जिन्यानेच वर जावं लागतं. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मशीन गच्चीवर असतं, माणसं मधेच कुठेतरी लटकलेली असतात आणि मेकॅनिक अवजारांची पेटी घेऊन एकेक मजला चढत असतो. दाजींची सगळी नोकरी अशी चढण्यात गेली. गावभरच्या लोकांचे गुडघे त्यांनी वाचवले. स्वतःचे तेवढे राहून गेले.

खरं तर ते एकाच माणसाचे दाजी. स्टोअर सांभाळणारा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला दाजींनीच तिथे चिकटवलेला. पहिल्या दिवसापासून तो भर ऑफिसात "दाजी, दाजी" करू लागला आणि बघता बघता सगळ्यांनी ते उचललं. अख्खं ऑफिसच त्यांची सासुरवाडी होऊन बसलं. मान भरपूर, ऐकत कुणी नाही.

तर ऑफिसात एक खुर्ची रिकामी होणार होती. तक्रारीचा फोन घेणाऱ्या बाई निवृत्त होत होत्या. जिन्याखालची खोली, शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी खिडकी, एक टेबलफॅन, एक फोन. काम एवढंच, की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला "घाबरू नका, माणूस निघालाय" असं सांगायचं आणि मग निघायला माणूस शोधायचा. दाजींना ती खुर्ची हवी होती. नुसती हवी नव्हती, दुसरं काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला होता आणि पाय गेलेल्या मेकॅनिकला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवायची कंपनीची रीत होती. त्यामुळे खुर्ची मागायची, पण ती का हवी ते कळू द्यायचं नाही, अशी सगळी कसरत होती. अर्जात दाजींनी "अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून" असं लिहिलं होतं.

साहेबांना मात्र अर्ज वाचून माणूस कळत नसे. त्यांना माणूस चढावर कळे. पावसाळा सरला की रविवारी ते सगळ्यांना घेऊन रानातल्या घळी आणि लहान लहान धबधबे बघायला जात. मोठ्या धबधब्यांचा त्यांना राग होता. "तिथे गर्दी फार. लहान धबधबा कसा, आपला वाटतो." यायची सक्ती नव्हती. न आलेल्यांची आठवण साहेब वर्षभर ठेवत.

त्या रविवारी दाजी पँटखाली नवेकोरे नीकॅप चढवून निघाले. बायकोने आणलेले. दाजी बूट घालेपर्यंत तिने भावाला दारात गाठलं.

"हे बघ, काहीही झालं तरी यांच्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही."

"ताई, मी कशाला बोलतोय?"

"तू बोलतोस. माझ्या ऑपरेशनचं गल्लीभर करून आलास. शपथ घे."

मेहुण्याने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

घळ अरुंद होती. दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाट, की भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड. मधून ओढा, ओढ्यात हत्तीच्या पाठीएवढे दगड, दगडांवर शेवाळ आणि शेवाळावर तोल सावरणारी, एकमेकांना "जपून हं" म्हणणारी आमची लिफ्ट कंपनी. दाजी सगळ्यांत मागे होते.

इथे साहेबांचा एक नियम सांगायला हवा. मागे राहिलेल्याला सोडून पुढे जायचं नाही. दम लागला की सगळ्यांनी थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं, बिस्किटं खायची आणि शेवटचा माणूस येऊन पोचला की मगच निघायचं. या नियमाचा साहेबांना फार अभिमान होता, आणि तो ते काटेकोरपणे पाळत. म्हणजे असं, की दाजी धापा टाकत येताना दिसले की साहेब टाळी वाजवून उठायचे, "चला, आले दाजी, निघू या." सगळे ताजेतवाने होऊन निघायचे. दाजींना बसायला मिळायचं नाही. बाकीचे मात्र दाजींच्या कृपेने निवांत विश्रांती घेत वर चालले होते.

"दाजी, तुमच्यामुळे बरं पडतंय हं," ड्रॉइंग काढणारी मुलगी म्हणाली. "तुम्ही नसता तर आम्ही मेलोच असतो."

असं तीन-चारदा झाल्यावर दाजींनी डोकं चालवलं. पुढे वळणापलीकडे मंडळी थांबल्याचा आवाज आला तसे ते वळणाच्या अलीकडेच एका दगडाआड टेकले. त्यांनी पाय लांब केले. सकाळपासून पहिल्यांदा. पुढून धबधब्याचा आवाज येत होता. नळाचा वायसर गेल्यावर येतो तसाच, जरा मोठा. आणि साहेबांचा आवाज येत होता.

"काय रे, तुझ्या दाजींचे गुडघे गेलेत ना?"

दगडाआड दाजींनी श्वास धरला.

"छे, कोण म्हणतं?" मेहुणा म्हणाला.

"अरे, परवा स्टुलावरून उठताना त्यांनी टेबल धरलेलं बघितलं मी. म्हटलं, म्हातारपणी कुठे घरी बसवायचं या माणसाला? बाईंची खुर्ची त्यांनाच द्यावी. आज मुद्दाम आणलं, डोळ्यांनी बघावं म्हणून. नाही चढता आलं की उद्या सकाळी ऑर्डर काढतो."

मेहुण्याने आयुष्यात कधी कुणाला दिलेला शब्द पाळला नव्हता. नेमका आज पाळत होता.

"साहेब, गुडघे म्हणजे लोखंड आहेत दाजींचे. घरी गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन वर नेतात. मला लाज वाटते."

"मग मागे का राहतात?"

"झाडं बघत बसतात. नादच आहे त्यांना तो."

मग साहेब म्हणाले, "म्हणजे पाय धडधाकट, आणि खुर्ची मागतायत. बरं झालं सांगितलंस. त्या नव्या हॉस्पिटलचं काम आलंय आपल्याकडे, तिथले जिने कुणी घ्यायला तयार नाही. दाजींना देऊ."

दगडाआडून दाजींनी विचार केला. करायचं फार थोडं होतं. वर्षभर जे लपवलं ते आता फक्त लपवायचं नाही. लंगडत जायचं, खरं खरं, जसं ते रोज न्हाणीघरापर्यंत लंगडत जात.

ते उठले. आणि पायाने घात केला. तेवढ्या विश्रांतीने, सकाळच्या गोळीने आणि नव्या नीकॅपने गुडघा असा काही मोकळा झाला होता की पहिली पावलं तरण्या पोरासारखी पडली, तीही नेमकी सगळ्यांच्या नजरेसमोर. मग दाजींना आठवलं आणि ते लंगडू लागले.

मंडळी खो खो हसली.

"साहेब, तुमचं बोलणं ऐकलं वाटतं दाजींनी," ड्रॉइंगवाली म्हणाली.

"ऐकलं," दाजी म्हणाले. "खरंच दुखतात, साहेब. वर्ष झालं."

"कालपर्यंत नाही दुखले?"

"लपवलं होतं."

"आणि आज घळीत सापडलं होय?"

दाजींनी पँट वर केली. नीकॅप दिसले. डाव्यावर दुकानाचं स्टिकर अजून तसंच होतं. साहेबांनी वाकून ते वाचलं आणि खिन्नपणे मान हलवली. फसवणुकीपेक्षा तिच्या गबाळेपणाचं त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

"याला विचारा," दाजी मेहुण्याकडे वळले. "सांग ना. डॉक्टरकडे तूच आला होतास माझ्याबरोबर."

मेहुण्याने बहिणीला आठवलं, साहेबांना बघितलं. आता खरं बोलावं तर मघाशी साहेबांच्या तोंडावर थाप मारली असं होणार. तो दाजींकडे बघून मोठ्या मायेने म्हणाला, "दाजी, पुरे आता. शोभत नाही."

आणि विषय संपवायला, आपण फार खेळकर आहोत असं दाखवत, तो धबधब्याखालच्या दगडावर उडी मारायला गेला. शेवाळाने त्याला उचलून आपटलं. घोटा बघता बघता वांग्यासारखा सुजला. यात नाटक काही नव्हतं. तो लहान मुलासारखा रडत होता. साहेबांनी स्वतः रुमाल भिजवून बांधला, बिस्किटांचा उरलेला पुडा त्याच्या हातात दिला. खरं दुखणं समोर दिसलं की साहेब विरघळत.

"घाबरू नकोस. स्टोअरची धावपळ बंद. बाईंच्या जागी बस तू."

"बरा होईपर्यंत?" मेहुण्याने हुंदका गिळून विचारलं.

"एकदा बसलास की बसलास. सारखी माणसं कुठे बदलायची?"

मग धबधब्यासमोर सगळ्यांचा फोटो झाला. धबधबा कुठे आहे ते फोटोत बोट दाखवून सांगावं लागतं. उरला प्रश्न मेहुण्याला खाली कसं न्यायचं. साहेबांनी सभोवार बघितलं. माणसं भराभर बुटांच्या नाड्या बांधू लागली.

"दाजी आहेत ना," साहेब म्हणाले. "सिलिंडर नेतात म्हणे."

दाजींनी मेहुण्याला पाठुंगळीला घेतलं. साहेब मंडळींसह पुढे गेले. दगडामागून दगड दाजी उतरत होते. गुडघ्यांचा आवाज आता मेहुण्यालाही ऐकू येत होता, तरी शपथेला जागून तो त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. उतार मध्यावर आल्यावर त्याचं रडू थांबलं. त्याने एक बिस्किट खाल्लं, एक मागून दाजींच्या तोंडाशी धरलं. दाजींना श्वासातून तोंड मोकळं नव्हतं.

"दाजी, बाईंची खुर्ची जुनीच आहे. साहेब म्हणाले, नवी घेऊ. चाकाची मागू का साधी?"

दाजींनी पुढचा दगड पायाने चाचपून पाहिला, मग भार टाकला.

"हातांची माग," ते म्हणाले. "उठताना धरायला बरं पडतं."